खालचा पट्टा

जे आता लिहिणार आहे ते मी गेल्या रविवारपर्यंत कोणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही, आणि तिला जाऊनही आता सहा वर्षं झाली. विषय त्या बाजूला वळतोय असं दिसलं की मी उठून पाणी प्यायला जात असे. पंचवीसेक वर्षं हे करत राहिलं की माणूस त्यात तरबेज होतो. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी प्राजक्ताचा, म्हणजे दगडूभाऊंच्या नातीचा फोन आला. “काका, आजोबा गेले. झोपेतच... आजी म्हणाली, पहिला फोन साहेबांना कर.” पहिला फोन मला. मी ‘निघतो’ म्हणालो, फोन ठेवला आणि उठून पाणी प्यायला गेलो. नंतर ग्लास हातात धरून बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होतो. आता विषय टाळायचा तरी कोणापासून, हे कळेना.

गेलेल्या माणसावर लिहिताना त्याचे गुण सांगायची पद्धत आहे. दगडूभाऊंचे गुण पुष्कळ होते आणि त्यातले काही पुढे येतीलच. पण पुण्याच्या कडेला असलेल्या वारज्यात आणि आमच्या कारखान्यात इतकी वर्षं त्यांचा म्हणून एक दोष सांगितला जात होता. तो त्यांचा नव्हता. त्यासाठी हे लिहितो आहे.

आमचा कारखाना वारज्याच्या पुढे, नदीच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये होता. ॲल्युमिनियमच्या शिड्या, दवाखान्यातली स्टुलं, घडीच्या खुर्च्या असला माल आम्ही करत असू. मी ड्रॉइंग काढायचो, दगडूभाऊ फिटर होते. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, घरची जमीन वारज्यातच, आणि गाव पालिकेत जाणार म्हणून त्या जमिनीवर बिल्डरची नजर पडायला नुकती सुरुवात झालेली. गावात त्यांना मान होता तो एका गोष्टीसाठी. त्यांच्या हातची गाठ. जत्रेचा मांडव असो, गणपतीची कमान असो की कोणाच्या घरचं लग्न, बांबू कोणीही उभे करावेत, शेवटची गाठ दगडूभाऊंनी मारायची. ती मारून झाली की ते बांबूला दोन थापा मारत आणि ‘झोपा आता निवांत’ म्हणत. मग लोकही निवांत झोपत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जो उठेल तो निर्यातीचं बोलत होता. आमचे मालक कुठल्याशा परदेशी प्रदर्शनाला जाऊन आले आणि येताना एक जाडजूड कॅटलॉग घेऊन आले. त्यात हरणांच्या शिकारीला बसायच्या सोयी होत्या. आपल्याकडे हरणाला हात लावला तर तुरुंग. तिकडे ठरलेल्या मोसमात परवाना काढून लोक हौसेनं जातात. तिथल्या एका व्यापाऱ्याला हलकी, घडी होणारी, पाठीवर टाकून रानात नेता येईल अशी बैठक हवी होती. झाडाला टांगायची किंवा जमिनीवर मांडायची, कोणतीही चालेल. दोन्हींचे नमुने करा, फोटो आणि वजन कळवा, मी एक निवडतो, असा त्याचा फॅक्स. कारखान्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. रजा काढून माणूस दिवसभर झाडावर जाऊन बसतो म्हणजे नेमकं काय, हे कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. दगडूभाऊंनी निकाल दिला, “घरचं माणूस लई कडक असणार त्याचं.” त्या दिवसापासून त्या वस्तूचं नाव ‘हरणाची खुर्ची’ पडलं.

गंमत अशी की या कामातलं खरं ज्ञान कारखान्यात एकट्या दगडूभाऊंकडे होतं. मी कॅटलॉगवरून मापं काढत होतो. ते माळ्यावर बसलेले होते. माळा म्हणजे शेतात पिकाची राखण करायला चार खांबांवर नाहीतर सरळ झाडावर बांधतात ते मचाण. लहानपणी ज्वारीच्या दिवसांत त्यांचा मुक्काम त्यावरच असे, हाताशी गोफण. ते सांगत, एकदा दिवस मावळताना डोंगराकडून एक भेकर उतरून बांधावर आलं. भेकर हे हरणातलंच, पण अंगानं लहान. ते निवांत आडवी पडलेली कणसं खात राहिलं आणि हे वर श्वास धरून बसले. गोफण मांडीवर तशीच. घरी येऊन वडिलांची बोलणी खाल्ली. “राखणदार म्हणून त्या दिशी मी नापास,” असं सांगून हसायचे. पण त्या एका संध्याकाळीनं त्यांना जे शिकवलं होतं ते माझ्या कॅटलॉगात नव्हतं. जनावर वर बघत नाही, त्याचा सगळा घोर जमिनीवर असतो. मात्र धातूवर धातू टेकल्याचा आवाज ते शेताच्या त्या टोकावरून ऐकतं. म्हणून त्यांनी खुर्चीच्या प्रत्येक सांध्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. घडी घालताना खुर्ची वाजेनाशी झाली. मी ते ड्रॉइंगमध्ये ‘रबर पॅकिंग’ म्हणून दाखवलं आणि मालकांनी माझी पाठ थोपटली. तेव्हाही मी काही बोललो नाही, हे आज लिहिताना लक्षात येतंय.

दोन नमुने झाले. जमिनीवरचा म्हणजे चार घडीच्या काड्या, त्यावर मातकट रंगाचं कापड, समोर बघायला फट आणि आत बुटकं स्टूल. झाडावरचा म्हणजे बसायची पट्टी, पाय ठेवायची चौकट आणि खोडाभोवती आवळायचे दोन नायलॉनचे पट्टे. वरचा बैठकीपाशी, खालचा पावलांपाशी. पट्टे आणि त्यांची लोखंडी बकलं मी स्वतः बोहरी आळीतून निवडून आणली होती. दगडूभाऊंचं मत पहिल्यापासून जमिनीवरच्या नमुन्याकडे होतं. वारा बघून मांडला, मागं झुडूप ठेवलं आणि माणूस हलला नाही, तर जनावराला पत्ता लागत नाही, असं ते म्हणत. शिवाय जमिनीवर बसलेला माणूस पडत नाही. मला झाडावरचा हवा होता. कापडाचा नमुना शिंप्याचा झाला असता. झाडावरची खुर्ची हे माझं काम होतं. आधीचा कारखाना बंद पडल्यानंतर चार वर्षांनी मला कोणी ‘इंजिनियर’ म्हणायला लागलं होतं.

अडचण वजनाची होती. व्यापाऱ्यानं दिलेली मर्यादा आमच्या हिशेबानं साधारण पाच किलो. किराणा दुकानातून आणलेल्या तराजूवर खुर्ची दर वेळी थोडी जास्तच भरायची. चौकटीला भोकं पाडून झाली, पाय ठेवायची पट्टी अरुंद करून झाली. शेवटी खालचा पट्टा बकलासकट काढून बघितला आणि तराजूचा काटा जागेवर आला. दगडूभाऊ माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “साहेब, माळ्याला दोन गाठी असत्यात. वरची माणसाला धरती. खालची माणसाचं हलणं धरती.” मी म्हणालो, बरोबर आहे, नमुना पाठवताना जरा बारीक बकल शोधू, आत्ता वजन तर जुळलं. पट्टा गुंडाळून मी माझ्या पिशवीत टाकला आणि ते वजन फॅक्सनं कळवून टाकलं. ही शुक्रवारची दुपार.

शनिवारी सकाळी फोटो काढायचा होता. कॅटलॉगातली झाडं सरळ, उंच, खाली फांदी नसलेली. वारज्यात आंबा होता, बाभूळ होती, कडुलिंब होता; त्यातलं एकही त्या फोटोंसारखं दिसत नव्हतं. तशी दिसणारी एक रांग तेवढी होती. कारखान्यामागं, पुढे जिथून बायपास गेला तिथं, निलगिरीची. मी निलगिरी निवडली. आम्ही दोघंच गेलो. शिडी त्यांच्या खांद्यावर, कॅमेरा माझ्या गळ्यात. दगडूभाऊंनी खोडावर हात फिरवला तसं हाताएवढं साल निघून त्यांच्या मुठीत आलं. निलगिरी वर्षातून एकदा साल टाकते हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं. ते म्हणाले, हे झाड नको, आंब्यावर लावू. मी म्हणालो, आंब्यावर लावली तर गावातल्या झोपाळ्यासारखी दिसेल. मग ते शिडीवर चढले, वरचा पट्टा आवळला, दोनदा ओढून बघितला आणि खाली हात करून म्हणाले, “खालचा पट्टा द्या.”

पट्टा माझ्या पिशवीत होता, आणि पिशवी माझ्या पायापाशी.

मी म्हणालो, “राहू द्या हो. पट्ट्याशिवायचं वजन कळवलंय, फोटोत पट्टा कसा दिसेल? एका फोटोपुरतं बसा.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं अजून दिसतं. त्यात राग नव्हता. शिकलेल्या माणसाला काहीतरी जास्त कळत असेल, असा एक विश्वास होता त्यात, आणि तो माझ्या लायकीचा नव्हता... ते बसले. बंदूक म्हणून हातात एक पाइप दिला होता, तो मांडीवर आडवा धरला. मी फोटो घेतला. मग मला वाटलं चेहरा अंधारात येतोय, म्हणून म्हणालो, जरा डावीकडे वळा. ते वळले. वरच्या पट्ट्याखालचं साल एखादी बाही ओढावी तसं सरकलं, खालून धरायला काही नव्हतं, आणि खुर्ची झाडाभोवती फिरून खाली आली.

कंबरेचं हाड मोडलं होतं. डोक्याला मार होता. दोन दिवस ते शुद्धीवर नव्हते. दवाखान्याच्या जिन्यात मालकांनी मला गाठलं. कसं झालं, त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी त्यानंतर हजारो वेळा स्वतःला विचारून खरं उत्तर दिलेलं आहे. त्या दिवशी मी म्हणालो, “दगडूभाऊंनी खालचा पट्टा लावला नाही.” मालक म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं. माझं अक्षर चांगलं आहे. कारणं सांगता येतील. दोन मुली, घरचं भाडं, आधीच एकदा गेलेली नोकरी. पण त्या क्षणी मला यातलं काहीही आठवलं नव्हतं. मालक माझ्याकडे नाराजीनं बघतील, एवढीच भीती होती. इतक्या लहान भीतीसाठी मी ते केलं.

आणि मग जे झालं त्यानं मला सुटायची वाटच ठेवली नाही. दगडूभाऊ शुद्धीवर आले, बायकोला, म्हणजे हौसावहिनींना ओळखलं, मला ओळखलं, पण त्या सकाळचं त्यांना काही आठवेना. शिडी खांद्यावर घेऊन निघालो इथपर्यंत आठवायचं. पुढं कोरं. खाटेजवळ बसलेल्या कोणीतरी त्यांना सांगितलं की तुमच्याकडून पट्टा लावायचा राहिला. ते छताकडे बघत राहिले. मी भिंतीशी उभा होतो. मग दगडूभाऊ म्हणाले, “राहिला असंल. साहेब व्हते संगं, त्यांनी बघितलं असंल.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली.

झाडावरच्या खुर्चीचा फोटो गेलाच नाही. तो रोल मी धुवायलाही दिला नाही. मालकांनी जमिनीवरच्या आडोशाचे फोटो पाठवले आणि व्यापाऱ्यानं तोच पसंत केला. दगडूभाऊंनी सांगितला होता तोच. पुढे कारखाना वाढला, दुसरी शेड झाली, माझ्या टेबलावर संगणक आला. मालक वाईट नव्हते. त्यांनी दगडूभाऊंना स्टोअरमध्ये बसवलं. पाय आखूड पडला होता, काठी कायमची आली होती. पुण्यातल्या माणसांची जीभ सगळ्यांना ठाऊक आहे. ते स्टुलावर बसायला लागले की कोणीतरी गंभीर चेहऱ्यानं विचारायचं, “दगडूभाऊ, पट्टा लावलात का?” तेही हसायचे. मी हसत नसे, म्हणून लोक मला सज्जन समजत.

त्यांचं खरं काय गेलं ते मला पुढच्या जत्रेत समजलं. मांडव घालायचं काम चालू होतं. दगडूभाऊ काठी टेकत गेले, आणि दोरीला हात घालणार तेवढ्यात मंडळातला एक जण म्हणाला, “राहू द्या भाऊ, तुम्ही बसा खुर्चीत, चहा घ्या.” अगदी प्रेमानं म्हणाला. दगडूभाऊंनी दोरी खाली ठेवली, खुर्चीत बसले आणि चहा घेतला. त्यानंतर त्यांच्या हातची गाठ कोणी मागितली नाही. मी दोन हात अंतरावर उभा होतो. बोलायला चार शब्द पुरले असते... मी म्हणालो, चहा छान आहे.

त्यांनी मात्र त्या दोषाचा उपयोग करून घेतला. स्टोअरमधून शिडी न्यायला येणाऱ्या प्रत्येक नव्या कामगाराला ते स्वतःची गोष्ट सांगत. ‘मी पट्टा इसरलो, माझं बघा काय झालं. तुमी इसरू नका.’ मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, पाच-पन्नास वेळा तरी. कोणाकोणाचा जीव वाचवला असेल त्यांनी. माझ्या खोट्यातून त्यांनी चांगलं काही उभं केलं होतं आणि त्याची किंमत रोज स्वतःच भरत होते.

मी निवृत्त झालो, तेही. त्यांच्या जमिनीवर आठ मजली इमारत झाली, त्यातला एक फ्लॅट त्यांच्याकडे आला. मुलगा टेम्पो चालवायचा, नात शिकून हिंजवडीत एका आयटी कंपनीत लागली. मी दर दसऱ्याला सोनं द्यायला जात असे आणि दर दसऱ्याला पट्टा पिशवीत घालून नेत असे. आपट्याची पानं वर, पट्टा खाली. दर वर्षी पानं देऊन परत यायचो. हौसावहिनी म्हणायच्या, इतक्या वर्षांत मालक एकदा आले न्हाईत, पण साहेब चुकले न्हाईत. हे ऐकून मी बर्फी खायचो.

एका दसऱ्याला, करोनाच्या आधी एक-दोन वर्षं असेल, आम्ही त्यांच्या गच्चीत बसलो होतो. खाली बायपासवरून गाड्या जात होत्या. निलगिरीची रांग केव्हाच तुटली होती. दगडूभाऊ त्या दिशेला बघत होते. अचानक म्हणाले, “साहेब, एक इचारू? तुम्ही व्हता तिथं. मी खरंच पट्टा इसरलो व्हतो का?” ते पुढे म्हणाले, “न्हाई, मला सकाळ आठवत न्हाई. पण माझा हात मला आठवतो. हात असा खाली केलेला. कायतरी मागतोय. मग वाटतं, इसरलो असतो तर हात कशाला खाली केला असता?”

इतक्या वर्षांत देवानं मला इतकं सोपं दार कधी उघडून दिलं नव्हतं. फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. पिशवी माझ्या पायापाशीच होती, त्या दिवशी होती तशीच. मी म्हणालो, “जाऊ द्या हो दगडूभाऊ. किती वर्षं झाली त्याला.”

त्यांनी हळूच मान हलवली. “व्हय. तुम्ही म्हणता तर जाऊ द्या.” मग त्यांनी काठी भिंतीला नीट टेकवली आणि माझ्या मुलींच्या संसाराची चौकशी केली.

ते गेल्यावर दहाव्याला मी गेलो होतो. परतताना प्राजक्ता म्हणाली, मी सोडते काका, रिक्षा नका करू. गाडीत बसलो. तिनं किल्ली फिरवली नाही. माझ्याकडे बघत थांबली. “काका, सीटबेल्ट. सॉरी, आमच्या घरात त्याशिवाय गाडी हलत नाही. आजोबा रोज ऑफिसला निघताना गच्चीतून ओरडायचे, पट्टा लावला का... सगळ्या सोसायटीला पाठ झालंय.” मी पट्टा ओढला. माझ्या हाताला ते बकल सापडेना. तिनं वाकून ते लावलं, एकदा ओढून बघितलं आणि मग गाडी सुरू केली. स्वारगेटपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो.

हे छापायला देण्याआधी हौसावहिनींना सांगणं भाग होतं. इथंही वर्तमानपत्राच्या आड लपलो असतो तर मग काय उरलं असतं? गेल्या रविवारी गेलो. दगडूभाऊंच्या खोलीत बसलो. काठी दारामागच्या खिळ्याला टांगलेली होती. मी सगळं सांगितलं. पिशवी, निलगिरी, जिना, गच्ची. वहिनी काठीकडे बघत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “पट्टा कुठंय?” मी दिला. त्यांनी तो उलगडला, बकलातून ओवला, गुडघ्याभोवती घेऊन दोनदा ओढून बघितला. त्यांचे हात तसंच करत होते जसं दगडूभाऊंचे करायचे. म्हणाल्या, “चांगला हाय की अजून.” मग पट्टा मांडीवर ठेवून म्हणाल्या, “साहेब, मी त्यांना लई बोललेय वो. इतकी वर्षं. एवढी साधी गोष्ट कशी इसरला म्हणून... रोज बोललेय.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं. “मला सांगून काय उपेग? ज्याला सांगायचं व्हतं त्यो गच्चीत बसून इचारत व्हता तुमाला.” त्या उठल्या आणि पट्टा त्या खिळ्यावर, काठीशेजारी अडकवला. चहा केला नाही. त्या घरात पहिल्यांदाच मला चहा मिळाला नाही, आणि पहिल्यांदाच योग्य वागणूक मिळाली असं वाटलं.

आता पिशवी रिकामी आहे. जे सांगायचं होतं ते त्या गच्चीत, त्या प्रश्नानंतर लगेच सांगायचं होतं, आणि ते फार मोठंही नव्हतं. दगडूभाऊ, तुमचा हात बरोबर सांगतोय. तुम्ही पट्टा विसरला नव्हता. तुम्ही मागितला होता. तो माझ्या पिशवीत होता आणि मी दिला नाही. मला माफ करा.